मामाच्या घागरीवरचं नाव

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जिलानीभाईंचं भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या पायरीवर बसून केरबा सोनकांबळे भांड्यांवर नावं घालतो. एवढीच त्याची ओळख. पण माणूस असा चिवट की विचारू नका. गिऱ्हाइकानं ताट पुढं करून म्हणावं, "वेदांत लिहा," की केरबा मशीन बंद करून वर बघणार. "नुसतं वेदांत? बापाचं नाव सांगा. आडनाव सांगा. आन् आता पुन्यांदा सांगा." दोनदा ऐकल्याशिवाय भांड्याला सुई टेकवायची नाही, हा त्याचा नेम. गिऱ्हाईक चिडतं, एसटी चुकते म्हणून ओरडतं, पण केरबा ढिम्म. स्टीलवर उमटलेलं नाव पुसता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

जून महिन्यात तर त्याला मान वर करायला सवड नसते. मुखेडहून, कंधारहून, देगलूरहून आईबाप येतात, पोराला अकरावीला लातूरला टाकतात, खोली बघून देतात, खानावळ लावून देतात, आणि परत जायच्या आधी ताट, डबा, बादली घेऊन केरबापुढं उभे राहतात. नाव नसेल तर होस्टेलात दुसऱ्याच दिवशी डबा गायब! मशीन कुर्रर वाजायला लागलं की इतका वेळ धीरानं उभी असलेली आई नेमकी तिथंच पदर डोळ्याला लावते. जिलानीभाई गल्ल्यावरून हसतात. म्हणतात, "क्या जमाना आया केरबा, पहिले लग्नसराईत दुकान चालायचं, आता अ‍ॅडमिशनसराईत चालून राहिलंय."

तर अशा या नावाच्या कारागिराच्या घरात एका नावाचा घोळ झाला. आणि घोळ साधासुधा नव्हे, बावीस वर्षांचा.

केरबाचं गाव किल्लारीच्या बाजूला. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते गाव बसलं. केरबा तीन वर्षांच्या पंचशीलेला घेऊन अंगणात झोपला होता, कारण पोर उकाड्यानं किरकिर करत होती. आत त्याची बायको गयाबाई होती, थोरला मुलगा होता, आणि उडदाच्या राशीला मदत करायला आलेले दोन्ही मेहुणे होते. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती होत्या त्या. उजाडेपर्यंत केरबाजवळ फक्त अंगणातली पोर उरली. पोरीची आई गेली, भाऊ गेला आणि दोन्ही मामा गेले.

तिसऱ्या दिवशी गावात लष्कर होतं, डॉक्टर होते, ट्रक होते, आणि पाऊसही लागून राहिला होता. केरबा मात्र कुणाचं न ऐकता हातानं दगड उपसत होता. तेवढ्यात एक परदेशी माणूस आला. उंच, लालबुंद तोंडाचा, भुऱ्या मिशांचा. तो काही बोलला नाही. केरबाच्या समोर उकिडवा बसला आणि त्याच्याबरोबर दगड उपसायला लागला. सांजेपर्यंत उपसले, दुसऱ्या दिवशीही उपसले. गयाबाई त्याच्या आणि केरबाच्या हातांनी बाहेर आली, मग मुलगा, मग दोन्ही मेहुणे. पंचशीला पावसात कुडकुडत उभी होती. त्या माणसानं अंगातलं जाकीट काढलं, तिला त्यात गुंडाळलं आणि केरबाच्या कडेवर दिलं.

जाकिटाच्या पाठीवर पांढरी इंग्रजी अक्षरं होती. केरबाला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. त्यानं गावातल्या रेवणप्पा गुरुजींना विचारलं, "गुरुजी, काय लिवलंय हो?" गुरुजींचं स्वतःचं घर पडलेलं, त्यांच्या डोक्यात कुठला अर्थ आणि काय! त्यांनी अक्षरं जुळवून वाचलं, "ट्रान्सकॉन्टिनेंटल," आणि ते पुढं गेले.

केरबाला वाटलं, हे त्या माणसाचं नाव.

आता तुम्ही हसाल. हसा बापडे! पण जरा आपल्या घरातल्या मांडणीकडं बघून हसा. तांब्यावर नाव कुणाचं असतं? ज्यानं दिला त्याचं. परातीवर कुणाचं? ज्यानं आहेर केला त्याचं. वस्तू घेणाऱ्याच्या घरात राहते आणि नाव देणाऱ्याचं राहतं, ही आपली रीत. मग जाकिटावर देणाऱ्याचं नाव आहे असं केरबानं धरलं, त्यात त्याचं काय चुकलं? बरं, तो परदेशी माणूस पुढं आणखी चार दिवस गावात होता. केरबा रोज सकाळी त्याला हाक मारायचा, "जय भीम, ट्रान्सकॉन्टिनेंटल साहेब!" आणि तो माणूस खळखळून हसायचा, हात वर करायचा. ओ द्यायचा की! पाचव्या दिवशी त्यांची जीप गेली, आणि तोही गेला.

केरबा पोरीला घेऊन लातूरला आला. जिलानीभाईंनी आधी भांडी उचलायला ठेवलं, मग नाव घालायला शिकवलं. इंग्रजी अक्षरं गिरवायची वेळ आली तेव्हा केरबानं पहिल्यांदा जाकिटावरचीच सोळा अक्षरं गिरवली. ती त्याला इतकी पाठ झाली की डोळे मिटून लिहील. आणि पंचशीला "मला मामा का न्हाई?" म्हणून रडायला लागली, तेव्हा त्यानं तिला जवळ घेऊन सांगितलं, "हाय की! आईला ज्यानं बाहेर काढलं, त्यो तुझा मामा. ट्रान्सकॉन्टिनेंटल मामा. लई लांब ऱ्हातो." दर वर्षी तीस सप्टेंबरला घरात त्रिसरण-पंचशील झालं की केरबा गेलेल्या चौघांची नावं घ्यायचा, आणि शेवटी म्हणायचा, "आन् ट्रान्सकॉन्टिनेंटल साहेबांचं भलं होवो." छोटी पंचशीलाही हात जोडून तेच म्हणायची.

पोरगी हुशार निघाली. बारावीला मार्क पाडले, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, नांदेडलाच वीजमंडळात लागली. दोन हजार पंधराच्या मे महिन्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा मुखेड तालुक्यातला, आनंदराज, शाळेत मास्तर.

आता केरबाच्या भावकीत लग्नात आहेर पुकारतात. माइकवर एकेक भांडं उचलायचं आणि देणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचायचं. त्यात पहिला मान मामाच्या घागरीचा. ती पुकारल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं भांडं पुढं सरकत नाही. मामा नसेल तर चुलतमामा, तोही नसेल तर गावातला मानलेला मामा. पण घागरीवर मामाचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. केरबानं बावीस वर्षं मनाशी ठरवून ठेवलं होतं, घागर त्या साहेबाच्या नावाची निघणार. त्यानं पितळेची घागर निवडली, चिंच लावून लखलखीत घासली, आणि नाव घालायला शुभ वेळ म्हणून लग्नाच्या आधीचा रविवार धरला.

आणि शुक्रवारी त्याला ती पाटी दिसली.

ट्यूशन एरियात एका होस्टेलचे डबे पोचवायला तो गेला होता. क्लासच्या पाट्यांवर पाट्या, त्यावर हसऱ्या पोरांचे फोटो आणि मार्क. त्यातच एका नव्या इमारतीवर निळ्या पाटीवर तीच सोळा अक्षरं! केरबानं दोनदा वाचली. खाली मराठीत लिहिलं होतं, 'परदेशात एमबीबीएस'. साहेब आला! लातुरात आला, दुकान टाकलं, आणि आपल्याला पत्ताच नाही! डबे तिथंच पायरीवर ठेवून तो जिना चढला.

वर काचेच्या टेबलामागं अर्शी नावाची तरुण मुलगी बसली होती. ती अदबीनं म्हणाली, "या काका, बसा. कुणाची अ‍ॅडमिशन?"

"अ‍ॅडमिशन न्हाई बाई, लग्न हाय. साहेब हायत का? ट्रान्सकॉन्टिनेंटल साहेब?"

"असं कुणी साहेब नाहीत काका. ते आमच्या संस्थेचं नाव आहे."

"तेच म्हणून राहिलो. ज्यांच्या नावानं हाय, ते. भुऱ्या मिशाचे. आता मिशा पिकल्या असतील."

अर्शी गोंधळली. पण पोरगी चांगल्या घरची, तिनं टिंगल केली नाही. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "काका, हे माणसाचं नाव नाही. हा नुसता शब्द आहे."

"शब्द म्हंजे? नाव बी शब्दच असतो की!"

"तसं नाही. ट्रान्स म्हणजे पार, पलीकडं. कॉन्टिनेंट म्हणजे खंड. आशिया, युरोप, अमेरिका. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारं, नाहीतर अख्खा खंड ओलांडणारं, त्याला ट्रान्सकॉन्टिनेंटल म्हणतात. खंडपार म्हणा." तिनं मोबाइल काढून बघितलं. "हे बघा, जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून आलाय. त्यांच्यात कॉन्टिनेंटचा अर्थ एकत्र धरून ठेवलेली, सलग जमीन. पुढं अमेरिकेत या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत रेल्वे टाकायची निघाली, तेव्हापासून हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. त्यांच्या जाकिटावर कंपनीचं नाव असेल. विमानाची, ट्रकची, कसलीही."

केरबा तिच्याकडं बघतच राहिला. एकत्र धरलेली जमीन? आपण खंड म्हणतो तो तुकड्याला. खंड पडला म्हणजे तुटलं. त्या लोकांना जमीन धरलेली दिसली आणि आपल्याला तुटलेली, मग खरं कुणाचं? त्यानं तर जमीन तुटताना बघितली होती. पण हा विचार डोक्यात धड उभा राहीना, कारण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी कोसळत होतं.

"मंग त्यो ओ कसा काय द्यायचा?" त्यानं विचारलं.

"त्यांना वाटलं असेल, तुम्ही पाठीवरचं वाचून गमतीनं हाक मारताय."

"मंग त्यांचं नाव काय?"

अर्शी म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही का काका?"

केरबा जिना उतरला. डबे तिथंच राहिले, ते मागून कुणीतरी दुकानात आणून दिले. जिलानीभाईंनी सगळं ऐकलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अरे, एवढं काय त्यात? माझं नाव घाल. पोरगी माझ्या दुकानात खेळून मोठी झाली. मीच मामा."

केरबानं मान हलवली. "भाई, तुमचे उपकार फेडतो म्हणलं तरी फिटायचे न्हाईत. पण ते दगड तुमी न्हाई उपसले."

दुसऱ्या कुणाला राग आला असता. जिलानीभाई मात्र म्हणाले, "दुरुस्त आहे. मग माझा हंडा वेगळा येईल, त्याच्यावर माझं नाव घाल. पण तू घागरीवर काय घालणार, येड्या?"

हेच तर केरबाला कळत नव्हतं. भावकीतले अमृतराव घरी आले. एसटीत कंडक्टर होते, आवाज खणखणीत, म्हणून लग्नाचे आहेर तेच पुकारायचे. त्यांनी तोडगा काढला, "'परदेशी मामा' एवढंच घाल. कोण खोदून इचारतंय?" शेजारची एक बाई म्हणाली, जे इतकी वर्षं म्हणत होता तेच घाला, कुणाला इंग्रजी येतं? केरबाला दोन्ही पटेनात. कंपनीचं नाव मामा म्हणून घालायचं? आणि बावीस वर्षं आपण भलं मागितलं ते कुणाचं, एका शब्दाचं? त्या माणसाला ते पोचलं की नाही? बरं, जाकीट तरी त्याचंच होतं का, की त्यालाही कुणी दिलेलं? माणूस विचार करून करून भंजाळून गेला. जेवण जाईना, मशीनवर दोन डब्यांची नावं उलटीपालटी झाली. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

शनिवारी पंचशीला नांदेडहून रजा घेऊन आली. केरबानं तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. जाकिटाच्या शब्दाचं सगळं सांगितलं. ती खाली बघत राहिली. तिच्या तोंडावर जराही नवल दिसेना, आणि बापाच्या ते ध्यानात आलं.

"तुला ठाव व्हतं?"

"हाव."

"कवापास्नं?"

"अकरावीपास्नं. क्लासमधी तो शब्द आला व्हता."

केरबा ताडकन उठला. "नऊ वर्षं! नऊ वर्षं तू माझ्याशेजारी हात जोडून ते नाव घेतलंस? बापाला येडं केलंस व्हय गं?"

"मी काय सांगायचं व्हतं दादा?" आता तिचाही तोल गेला. नांदेडच्या ऑफिसातली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "शाळंत सगळ्या पोरी मामाच्या गावाला जायच्या. माझ्याकडं एक जाकीट व्हतं. ते बी माझ्याच हातानं फाडून टाकू? मला मामा पायजे व्हता, म्हणून गप्प बसले! आन् तुमी? तुमी दोन रुपयांच्या वाटीवर घालायचं नाव दोनदा इचारता. लोकांची एसटी चुकली तरी इचारता. आईला ज्यानं बाहेर काढलं त्याला एकदाबी इचारलं न्हाई?"

बोलली आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली.

केरबा मटकन खाली बसला. पोरीनं शिवी दिली असती तर परवडलं असतं. तो म्हणाला, "गुरुजींनी वाचून दावलं. मला वाटलं, नाव गावलं. म्हणून इचारलं न्हाई. न्हाईतर इचारलं असतं गं, शीला. खुणा करून इचारलं असतं. चार दिस व्हता त्यो गावात."

"मला माहीत हाय," ती म्हणाली, आणि डोळे पुसून बापाजवळ सरकून बसली. त्या दिवशी घागरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

रविवार गेला, सोमवार गेला. घागर कोरीच. लग्नाच्या सकाळी केरबा दुकान उघडायच्याही आधी पायरीवर जाऊन बसला. जिलानीभाई आले तेव्हा मशीन वाजत होतं. त्यांनी जवळ जाऊन बघितलं, केरबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि घागर फडक्यात बांधायला मदत केली.

औसा रोडच्या हॉलमध्ये लग्न लागलं. केरबाच्या जुन्या गावची माणसं आली होती, मुखेडकडची पाहुणेमंडळी होती. वंदना झाली, फुलं पडली, आणि अमृतरावांनी माइक हातात घेतला. "हां, बसून घ्या मंडळी! आहेर! नवरीच्या मामाकडून, पितळेची घागर एक! नाव..."

त्यांनी घागर वर उचलली, चष्मा खाली ओढला. केरबाकडं बघितलं. केरबा हॉलच्या खांबाला टेकून उभा होता, त्यानं नुसती मान हलवली. वाचा.

अमृतरावांचा खणखणीत आवाज एकदम खाली आला. "'मामा. नाव विचारायचं राहिलं. चूक माझी. केरबा सोनकांबळे.'"

नवरदेवाकडच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. कुणी विचारलं, "काय राहिलं?" पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना काही कळेना, ते एकमेकांकडं बघायला लागले. केरबाला वाटलं, झालं, पोरीच्या लग्नात आपण आपली शोभा करून घेतली. परदेशी मामा घातलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सिद्धम्मा उठली. केरबाच्या जुन्या गावची, सत्तरी ओलांडलेली, भूकंपात एक पाय अधू झालेली म्हातारी. सुनेच्या खांद्याला धरून ती उभी राहिली आणि माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माझंबी ऱ्हायलं रं केरबा. पुण्याकडची एक पोरगी व्हती, डाक्टरीन. तीन दिस माझा पाय मांडीवर घेऊन बसली. मी तिला नुसती बाळ बाळ म्हणत ऱ्हायले."

मागून एक म्हातारा म्हणाला, "मला एका शिपायानं पाठीवर नेलं." आणखी कुणी, आणखी कुणी. त्या गावच्या माणसांत एकही घर असं नव्हतं, ज्याचं कुणाचं तरी नाव विचारायचं राहिलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत हे एकमेकांना कुणी सांगितलं नव्हतं.

अमृतराव पुढच्या भांड्याला हात घालेनात. पंचशीला पाटावरून उठली, त्यांच्या हातातली घागर घेऊन कमरेवर ठेवली.

"काका," ती म्हणाली, "मागं बसलेल्यांना ऐकू गेलं न्हाई. परत वाचा."

अमृतरावांनी परत वाचलं.